भाऊरावांचे डिस्क ब्रेक आणि माझा हेवा

मोटारवाल्या मित्रांनो, आपल्या या घरोघर फिरणाऱ्या वहीत आज स्वतःचीच तक्रार लिहितो.

सकाळी वरूडचे भाऊराव जुन्या गाडीला विलायतेहून मागवलेले डिस्क ब्रेक बसवून अमरावतीत आले. "वकीलसाहेब, तुमच्या जुन्या ड्रम ब्रेकनं असं थांबून दाखवा बरं!" गाडी जागीच थांबली आणि माझा जळफळाट झाला.

पुढची चाकं मात्र हात लावू नये इतकी तापली होती. कारण मला लगेच कळलं. ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर जुनाच होता. तो पेडलवरचा पाय काढला तरी ड्रम ब्रेकसाठी थोडा दाब धरून ठेवतो. त्यानं डिस्कवर पॅड घासत राहतात आणि तापलेले ब्रेक उतारावर निकामी होऊ शकतात. उद्या ते बायकोमुलांना घेऊन चिखलदऱ्याचा घाट उतरणार होते. तरी मी गप्प राहिलो.

दुपारी राहवेना. ते मुक्कामाला होते तिथे जाऊन सगळं सांगितलं.

"मंग सकाळी काहून नाई बोलले?"

"तेव्हा लक्षात आलं नाही."

"वाचवलं तुमी आमाले," म्हणत त्यांनी माझे हात धरले. ते मला सोसवेना.

हेव्यानं असं गप्प बसणं तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?

वही आता भाऊरावांकडेच जाईल. भाऊराव, लक्षात आलं होतं.