मागच्या बैठकीवरचे अण्णामास्तर

महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी मी कर्जतच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून आलो आणि रुजू होण्यापूर्वीच हिवतापाने अंथरुणाला खिळलो. गावात माझे कोणी नव्हते. स्टेशनाजवळच्या भाड्याच्या खोलीत घोंगडी पांघरून कुडकुडत पडलो होतो. इथल्या दवाखान्यातले हिवतापावरचे कोयनेल संपले होते. संध्याकाळच्या सुमारास दार ढकलून एक उंच, सडपातळ गृहस्थ आत आले. धोतराचा काचा मारलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. नावगाव न सांगता त्यांनी एक पुडी माझ्या उशाशी ठेवली.

"खालापूरहून आणलंय. कडू आहे, पण गिळा. सोमवारी तिसरीचा वर्ग तुमच्याकडे आहे."

एवढे बोलून ते निघूनही गेले. हे आपले हेडमास्तर, श्री. अनंतराव दिघे, सगळ्यांचे अण्णामास्तर, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. माझ्या औषधासाठी त्यांनी सायकलीवरून खालापुरापर्यंत जाऊन यावे, इतकी आमची ओळखच नव्हती. यंदा अण्णामास्तर साठ वर्षांचे होत आहेत. पुढे त्यांच्या हाताखाली मी वर्षानुवर्षे काम केले. परंतु माझ्या मनातले अण्णामास्तर अजून त्या दारात उभे आहेत, परतायच्या घाईत.

ही घाई त्यांच्या स्वभावातच होती. वर्गात ते मुलाच्या उत्तराची वाट पाहत नसत, अर्धे ऐकून "पुढं!" म्हणत. भूगोल शिकवायचा तर पोरांना घेऊन थेट पळसदरीपर्यंत चालत जात, पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते दाखवत, आणि चालण्यात मागे पडणाऱ्यावर डाफरत. त्याच वेळी वाडीवरची ठाकर आदिवासींची मुले शाळेत टिकावीत म्हणून जेवढी खटपट त्यांनी केली तेवढी या तालुक्यात कोणी केली नसेल. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी अशा एका मुलाला बाहेर व्हरांड्यात बसवायला सांगितले. अण्णामास्तर त्या मुलाशेजारी व्हरांड्यात जाऊन बसले आणि तपासणी संपेपर्यंत उठले नाहीत. त्या वर्षी त्यांची बढती राहिली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी अवाक्षर ऐकले नाही.

सायकल हा त्यांचा एकमेव षोक. आमच्या सायकल-मंडळाची वार्षिक फेरी त्यांनीच सुरू केली. दसरा झाला, रस्ते वाळले, की कर्जतहून चौक गावावरून खालापुरापर्यंत ही शर्यत होत असे. पहिली काही वर्षे इथलीच मंडळी असत. पुढे मुंबई-पुण्याकडचे हौशी लोकही येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर जोडसायकली आल्या. नवराबायको, बापलेक, भाऊभाऊ अशा जोड्या त्यांवर बसत. मंडळाने मग कुटुंबाच्या जोडीसाठी वेगळे बक्षीस ठेवले. ज्यांनी ही सायकल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हाती असतात. मागच्याने फक्त पायडल मारायचे. दोघांची पायडले मात्र साखळीने एकमेकांशी जोडलेली. एकाने जोर लावला की दुसऱ्याला पाय थांबवता येत नाहीत.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर अण्णामास्तरांची दृष्टी मंदावू लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि हात टेकले. त्यांनी ते शाळेत कोणाला कळू दिले नाही. सगळी पुस्तके पाठ होतीच. आवाजावरून मुले ओळखत. एके दिवशी फळ्यावर लिहिताना खडू फळ्याच्या बाहेर भिंतीवर गेला आणि ते भिंतीवर लिहीत राहिले. मुले हसली नाहीत. त्या शांततेवरून त्यांना उमजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतरचे अण्णामास्तर पाहवत नसत. ओटीवर भिंतीला टेकून बसलेले, समोर ताट आले तरी हात न लावणारे. त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, एका सकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "कुळकर्णी भावजी, मला सायकल शिकवा."

मी चपापलो. चाळिशीच्या बाई, नऊवारी लुगडे, आणि कर्जतसारखे गाव.

"ह्यांना अंगाला वारा लागल्याशिवाय जेवण जात नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना पुढं बसता येणार नाही. मग मला बसायला हवं."

शाळेमागच्या मैदानात त्या शिकल्या. पडल्या, कोपरे सोलवटली, गावाने टोमणे मारले. एकीने तोंडावर विचारले, "नवऱ्याला मागं बसवून मिरवता, लाज नाय वाटत?" द्वारकाबाई म्हणाल्या, "मिरवत नाही बाई, ह्यांना नेते." अण्णामास्तरांनी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी जोडसायकल घेतली आणि त्या वर्षीच्या फेरीत उभयता उतरली. पुढे त्या, मागे ते. डोळ्यांवर काळा चष्मा, मान ताठ. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आता पुढचे लिहायचे. या गौरवग्रंथातल्या लेखाची परवानगी मागायला मी गेलो तेव्हा अण्णामास्तर म्हणाले होते, "गौरव करायचा तर करा. पण आमच्या इंदूच्या आईचं मरण वगळू नका. ते वगळून लिहिलंत तर ते चरित्र माझं राहणार नाही." म्हणून लिहितो.

त्या जोडीच्या तिसऱ्या फेरीला मी माझ्या सायकलीवर त्यांच्या मागेच होतो. कुंभिवलीच्या शिवाराजवळ रस्ता उताराला लागतो. उताराच्या मध्यावर कडेला एक बैलगाडी उभी होती. द्वारकाबाईंना ती दिसली. त्या ओरडल्या, "अहो, हळू! पाय थांबवा!" पण मागून पुण्याच्या एका जोडीची सायकल जवळ येत होती. तिच्या चाकांचा आवाज अण्णामास्तरांना ऐकू आला आणि त्यांनी उलट अधिकच जोर लावला. "चल, चल, पुढं!" हे त्यांचे शब्द मी ऐकले. बाईंनी पुन्हा "हळू" म्हटले. ब्रेक दाबला, पण तेवढा वेग त्याने आवरेना. गाडी चुकवायला त्यांनी हँडल वळवले, चाक रस्त्याच्या कडेवरून घसरले आणि दोघेही फेकली गेली. बाईंचे डोके मैलाच्या दगडावर आपटले.

अण्णामास्तर पलीकडच्या बाजूला पडले होते. त्यांचा हात मोडला होता. मी धावत पोचेपर्यंत ते दुसऱ्या हाताने रस्ता चाचपत गुडघ्यांवर सरकत होते. "अगं, कुठं आहेस? बोल की!" असे म्हणत ते भलत्याच दिशेला चालले होते. मी त्यांना वळवले. त्यांच्या हाताला आधी बाईंचे पाऊल लागले. त्यांनी ते ओळखले आणि तिथेच बसले. "लागलं का फार?" त्यांनी विचारले. खालापूरच्या दवाखान्यात दिवस मावळण्यापूर्वी द्वारकाबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदार पंचनाम्याला आले. मंडळाच्या काही सभासदांनी आपसांत ठरवून टाकले होते की दोष गाडीवाल्याचा. त्याने गाडी मध्येच आणली, बैल बुजले, असे जबाब तयार होऊ लागले. तो गाडीवाला, धोंडू नावाचा शेतकरी, उकिडवा बसला होता.

"माजी गाडी कडंलाच हुबी व्हती, सायब," तो पुन्हापुन्हा सांगत होता. "बैल जागचा हालला नाय. देवाशपत नाय."

"गप रं!" कोणीतरी खेकसले.

अण्णामास्तर गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवले.

"कुळकर्णी, तुम्ही मागं होता. गाडी हलली का?"

"नाही."

"ती हळू म्हणाली, ते तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं. दोनदा."

"आणि मी काय म्हणालो?"

मी धोंडूकडे पाहिले. ते थांबले. आयुष्यात प्रथमच मी त्यांना उत्तराची वाट पाहताना पाहिले. शेवटी मी म्हणालो, "चल, चल, पुढं, असं म्हणालात."

"लिहून घ्या, फौजदारसाहेब," ते म्हणाले. "ती थांबवत होती, मी थांबलो नाही. या गाडीवाल्याला घरी जाऊ द्या."

मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांच्या कानाशी लागून, आपली आणि मंडळाची अब्रू जाईल, असे काही सांगितले. अण्णामास्तर मोठ्याने म्हणाले, "बायको गेली माझी. अब्रू कसली सांभाळता?"

धोंडू सुटला. तो अजून दर वर्षी नवा तांदूळ घेऊन कर्जतला येतो. "मास्तर नसतं तर मी आज खडी फोडीत बसलो असतो," असे तो सर्वांना सांगतो. अण्णामास्तर तांदूळ घेतात, त्याच्या घरच्यांची चौकशी करतात. पण तो त्यांची तारीफ करू लागला की उठून आत जातात.

सत्य सांगणाऱ्याला त्याचे मोल द्यावे लागते असे आपण वर्गात शिकवतो. अण्णामास्तरांना ते घरातच द्यावे लागले. त्यांची एकुलती एक मुलगी, इंदू, तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने तो जबाब लोकांकडून ऐकला. त्या दिवसापासून ती वडिलांशी बोलेनाशी झाली. वेळेवर ताट वाढी, धोतर हाताशी ठेवी, अंघोळीचे पाणी काढी. शब्द मात्र नाही. आंधळ्या माणसाच्या घरात कोणी न बोलणे म्हणजे काय, हे मी त्या ओटीवर बसून पाहिले आहे. ते भांड्यांच्या आवाजावरून तिचा माग घेत असत. मी एकदा तिला समजावतो म्हणालो, तर त्यांनी मला अडवले. "तिला कोणी काही सांगू नका. ती बरोबर आहे."

मंडळात फेरी बंद करावी असा ठराव आला. अण्णामास्तरांनी विरोध केला. रस्ता बंद करून काही होणार नाही, माणसाला थांबता आले पाहिजे, असे ते म्हणाले. आणि कुंभिवलीच्या उतारावर प्रत्येकाने सायकलीवरून उतरून चालत जावे असा नियम त्यांनी घालून घेतला. मुंबईकर मंडळी कुरकुरली. तो नियम आजही पाळला जातो आणि त्यानंतर तिथे कोणाला ओरखडाही उठलेला नाही.

असे वर्ष गेले, दुसरेही सरत आले. फेरी जवळ आली होती. मी त्यांच्याकडे मंडळाच्या कामासाठी बसलो असता इंदू आतून आली आणि दारात उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली. त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी सायकल शिकलेय. यंदा मी पुढं बसते."

"नको, बाळ."

"आई गेली ती तुमच्यामुळं. हे मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. पण तुम्ही असे भिंतीला टेकून बसलेले मला बघवत नाही. मी हळू म्हटलं की पाय थांबले पाहिजेत."

"माझा माझ्यावर भरवसा नाही, इंदू."

"माझाही नाही," ती म्हणाली. "म्हणून आधी महिनाभर मैदानात बसायचं."

गावाने पुन्हा तोंडसुख घेतले. बायको घालवली, आता पोरगी घालवायला निघाला, असे लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. अण्णामास्तर ऐकून घेत. मैदानात इंदू मुद्दाम वेग आला की "हळू" म्हणे, आणि त्यांचे पाय तत्क्षणी थांबत. काही वेळा तिने म्हणण्यापूर्वीच थांबत, तेव्हा ती चिडे. "घाबरून नका थांबू. मी सांगेन तेव्हा थांबा."

फेरीच्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या मागे होतो. उताराच्या तोंडाशी ती म्हणाली, "उतरा." दोघे उतरली. तिने एका हाताने सायकल धरली, दुसऱ्याने वडिलांचा दंड. मध्यावर आल्यावर त्यांनी विचारले, "इथंच का?"

"हो."

ते वाकले, मैलाचा दगड हाताने चाचपून पाहिला आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. सगळ्या सायकली पुढे निघून गेल्या. इंदू ओठ आवळून उभी होती. तिने त्यांना "चला" म्हटले नाही. तेही उठायची घाई करीत नव्हते. खालापुरात ती दोघे पोचली तेव्हा मांडवाचे बांबू सोडायला घेतले होते.

आज इंदूताईंचे बिऱ्हाड भिवपुरीला, वीजघराच्या वसाहतीत आहे. त्यांच्या यजमानांनी हरकत घेतली नाही, हे त्यांचे मोठेपण. दर वर्षी फेरीच्या आधी त्या माहेरी येतात आणि अण्णामास्तरांना मागे बसवून खालापूर गाठतात. दोघांत गोड बोलणे फारसे नसते. रस्त्यावर खड्डा कुठे, वळण कुठे, एवढेच त्या सांगतात. ओटीवर हल्ली गावातली आणि वाडीवरची मुले तोंडी गणिते शिकायला बसतात. अण्णामास्तर आता उत्तराची वाट पाहतात. एखादे पोर अडखळले तर, "असू दे, सावकाश सांग," असे म्हणतात. जुने विद्यार्थी हे ऐकून थक्क होतात. हे शब्द कुठून आले ते मला माहीत आहे, आणि त्यांची किंमत पाहता त्यांचे कौतुक करायला मन धजत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी इंदूताईंना विचारले, "आता तरी राग गेला का?"

"नाही हो, काका," त्या म्हणाल्या. "अण्णांनाही ते ठाऊक आहे. पण ते गेल्यावर मी रागवायचं कुणावर?"

अण्णामास्तरांना उदंड आयुष्य चिंतणारे या ग्रंथात पुष्कळ असतील; त्यांचे शिष्य आहेत, स्नेही आहेत, धोंडूही आहे. मी मात्र या लेकीच्या वतीने मागतो. तिचा राग थकून म्हातारा होईल तोवर अण्णामास्तर जगोत, त्यांची प्रकृती धडधाकट राहो, आणि ती "हळू" म्हणेल तेव्हा थांबायला त्यांच्या पायांत बळ असो.