बाहेर न जाणारं गाणं

“थांबा, आता ती येईल,” असं म्हणत ताई शिलाई मशीनच्या पेडलवरचा पाय उचलायच्या. मशीनची घरघर थांबायची. मग पदराला हात पुसून त्या मोबाईल उचलायच्या आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाशी धरायच्या. आधी चार-पाच मुली एकत्र गायच्या, मागे ढोलकी. मग त्यातला एक आवाज एकटाच वर चढायचा. ताईंची मान किंचित हलायची.

“ही माझी.”

देवळाली कॅम्पात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं फॉल-पिकोचं दुकान होतं. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. आत मशीन, एक स्टूल, भिंतीला रंगीत रिळांची फळी. दोन बायका आल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं. मी जवळच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. साडीला फॉल लावायचा नसला तरी शाळा सुटल्यावर मी त्या स्टुलावर जाऊन बसायची. त्या शिवत राहायच्या, मी पुस्तक वाचत राहायची. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. मला त्या ‘बाई’ म्हणत, शाळेत आहे म्हणून.

त्या मूळच्या घोटीकडच्या. नवरा लवकर गेला आणि एका मुलीला घेऊन त्या कॅम्पात आल्या. मुलगी कॉलेजात असताना नाशकातल्या एका छोट्या कंपनीनं हळदीच्या गाण्यांचा संच काढला. त्यात गायला पाच मुली निवडल्या, त्यातली ही एक. एका गाण्यातली वरची ओळ तिला एकटीला मिळाली होती. सीडी वगैरे निघालीच नाही. गाणी फक्त मोबाईलवर विकायला ठेवली होती. मुलीनं स्वतः बटणं दाबून आईच्या फोनवर ते गाणं उतरवून दिलं.

“माझ्याच पोरीचा आवाज मी इकत घेतला, बाई,” ताई नव्या गिऱ्हाइकासमोर हे मला मुद्दाम ऐकवायच्या. “सांगा, आसं कुठं आसतं व्हय?”

पुढच्याच वर्षी मुलगी तापानं गेली. चार दिवसांत. तिचे फोटो होते, कपडे होते. आवाज मात्र तेवढाच होता.

त्या काळात सगळे मेमरी कार्डात गाणी भरून घेत. बाजाराच्या कोपऱ्यावर मोबाईलवाला होता, तो अर्ध्या तासात कार्ड भरून द्यायचा. ताईंच्या कार्डात मात्र ते एकच गाणं.

“ताई, पाचशे गाणी टाकून देतो,” तो येता-जाता चिडवायचा. “एकाच गाण्याला काय धरून बसलाय?”

“तुझ्या पाचशेत माझी पोर हाय का?”

“नाही.”

“मग ठेव तुझ्यापाशी.”

ते गाणं कुणाला पाठवता येत नसे. कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या बायकोला ते फार आवडलं होतं. ती दक्षिणेकडची, शब्द एक कळत नव्हता, पण ब्लूटूथवर द्या म्हणून मागे लागली. ताईंनी पाठवायचं बटण दाबलं तर फोन म्हणाला, ही फाईल पाठवता येणार नाही. विकत घेतलेल्या गाण्यांना तेव्हा तसं कुलूप असे. दुसरं कुणी चिडलं असतं. ताईंना मात्र ते एकदम पटलं. “नाय जात ती,” त्या हसून म्हणाल्या. “घरातली पोर हाय. कुणाच्याबी घरी कशी जाईल? तुम्हीच या ऐकायला.” आणि ती बाई खरोखर येत राहिली, बदली होईपर्यंत.

दुसऱ्या फोनवर हे रेकॉर्ड करून ठेवू, असं मी दोनदा सुचवलं होतं. त्यासाठी मशीन बंद ठेवून शटर ओढावं लागलं असतं. ताई म्हणाल्या, दिवाळी होऊ द्या, साड्यांचा ढीग पडलाय. दिवाळी झाली, मग लग्नसराई आली. मीही पुन्हा विषय काढला नाही.

वर्षं गेली. फोनची बटणं झिजून गुळगुळीत झाली. चार्जरची पिन नीट बसेना, म्हणून त्या तिच्याखाली काड्यापेटी लावून ठेवत. शेवटी त्यांनी नवा फोन घेतला. त्याच आठवड्यात एका दुपारी गल्लीत फेरीवाला आला. मोटारसायकलच्या मागे प्लास्टिकचे टब बांधलेले आणि रेकॉर्ड केलेली आरोळी: जुना मोबाईल, बंद मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या.

मी स्टुलावरच होते. ताईंनी जुना फोन हातात घेतला.

“बाई, देऊ का याला? गानं जायचं नाय ना?”

मी पुस्तकातून मान वर केली. इतक्या वर्षांत मला एवढंच माहीत होतं की ते गाणं पाठवता येत नाही. कार्ड दुसऱ्या फोनात घातलं की ते वाजेल, याबद्दल मला शंकासुद्धा आली नाही.

“कार्ड काढून घ्या,” मी म्हणाले. “गाणं कार्डात आहे. फोनचं काय काम?”

नवा फोन घरी चार्जिंगला होता, नाहीतर आम्ही तिथल्या तिथे लावून पाहिलं असतं. ताईंनी नखानं कार्ड काढलं, पिकोच्या सुयांच्या डबीत ठेवलं आणि फोन देऊन निळा टब घेतला. टब चांगला मोठा होता. दोघी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मशीन बंद होती. त्यांनी नवा फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर गाण्याचं नाव होतं, त्याची चार मिनिटंही दिसत होती. शेजारी बारीकसं कुलूप आणि खाली इंग्रजीत एक ओळ. मी ती दोनदा वाचली.

“काय लिवलंय, बाई?”

“हे गाणं वाजवायचा परवाना नाही.”

“कुणाला नाय?”

“या फोनला.”

मोबाईलवाल्यानं दोन दिवस कार्ड स्वतःकडे ठेवून सगळं करून पाहिलं. आता तो चिडवत नव्हता. “ताई, गाणं शाबूत आहे,” तो म्हणाला. “पण ते उघडायची किल्ली त्या जुन्या फोनात होती. तोच फोन पाहिजे. तसलाच दुसरा चालणार नाही.”

फेरीवाला पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. “तो माल गेला, मॅडम. पोत्यानं जातो.” त्यानं नाशिकरोडच्या एका गोदामाचा पत्ता दिला. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. तिथल्या माणसानं पोती दाखवली. फोनच्या आतल्या सर्किटच्या पाट्या एका पोत्यात, बॅटऱ्या दुसऱ्यात, बटणांची रबरं तिसऱ्यात. ताई त्या रबरांच्या पोत्यापाशी वाकल्या. आपली गुळगुळीत बटणं ओळखू येतील असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

गाणी काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. बरोबर गायलेल्या मुलींपैकी दोघी सापडल्या. एकीचा फोन हरवला होता, दुसरीनं कार्ड पुसून त्यात लग्नाचे फोटो भरले होते.

ताई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा फक्त विचारलं, “तो फोन कुणापाशी चालू आसंल, तर तिथं ती वाजंल का हो?”

“नाही,” मी म्हणाले. “गाणं इथं आहे, किल्ली तिथं.”

“म्हंजी दोघं हायेत. गाठ नाय.”

मशीन पुन्हा सुरू झाली. मी स्टुलावर बसत राहिले, पण पुस्तक उघडेनासं झालं. महिन्या-दोन महिन्यांनी, एका साडीची घडी घालताना त्या थांबल्या.

“बाई, तिची ती वरची वळ कशी व्हती?”

“तुम्हाला आठवत नाही?”

“शब्द येत्यात. चाल येत नाय. रोज फोन म्हनायचा, मी आपली ऐकायची. तुमीबी इतकी वरसं ऐकली ना?”

ऐकलं होतं. शेकडो वेळा, पुस्तकाचं पान उलटत. मी डोळे मिटले आणि सुचलं तसं गुणगुणले. त्या शेवटपर्यंत नीट ऐकत होत्या.

“नाय,” त्या हळू म्हणाल्या. “हे दुसरंच काईतरी हाय.” आणि माझ्या हातावर थोपटलं, जणू चूक झाली म्हणून मलाच समजवायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या भावाकडे घोटीला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला कळलं ते दहाव्यानंतर.

शाळेच्या वाचनालयात दुपारी कुणी नसतं. कपाटांच्या रांगांमधून फिरताना मी अजून ती ओळ शोधते. सुरुवातीच्या मुली आठवतात, ढोलकी आठवते. आवाज एकटाच वर चढायचा तिथे पोहोचते, आणि तोंडून दरवेळी दुसऱ्याच कुणाचं गाणं निघतं.