तोफांच्या आवाजात ठरलेलं लग्न

गिरण्यांचा संप मोडला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत मात्र सगळ्यांना ते कळलं होतं. वडील माणसं घरी बसून होती आणि मुलींची लग्नं लांबत होती. अशात आमच्या मैत्रिणीला स्थळ आलं. मुलगा गिरगावातला, बँकेत नोकरी, फिल्म सोसायटीचा सभासद. पोहे झाले, पसंती कळवली गेली आणि मुलाने एक विचित्र मागणी केली. दादरला चित्रपट महोत्सव भरलाय, तिथे एक परदेशी सिनेमा आपण बघू. मैत्रिणींनाही आणा.

तिच्या मामांनी विचारलं, "कसला सिनेमा?"

"लढाईचा."

"मग जाऊ देत," मामा म्हणाले. "लढाईत वाईट काय असणार?"

अट एकच होती. घरी परतल्यावर तिने हो की नाही ते सांगायचं. बाप बेकार असताना असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

तयारी माझ्याकडे होती. साडी कुठली, बस कुठली, शेंगदाण्यांची पुडी कुणाच्या पर्समध्ये, सगळं मी ठरवलं. सोबत वरच्या मजल्यावरची मैत्रीण होती. ती हसायला लागली की थांबत नसे, म्हणून तिला आधीच दम दिला होता.

थिएटरवर ही गर्दी! निम्मे पुरुष सिनेमा परदेशी, म्हणजे सेन्सॉरने न कापलेला, एवढ्याच आशेवर आलेले. त्या रेटारेटीत माझी सगळी आखणी कोलमडली. आमची नवरी आणि तो एकीकडे, आम्ही दोघी मधली वाट ओलांडून दोन रांगा पुढे.

सिनेमा सुरू झाला. एका शहराला वेढा पडलेला आणि जिकडे तिकडे बर्फ. एक बाई मोडक्या घरांतून नवऱ्याला शोधत फिरते, सैनिक चिखलातून तोफा ओढतात. मागून आवाज आला, "च्यायला, नुसता बर्फच आहे रे!" पण त्या बर्फाचा एक फायदा होता. पडद्यावरून एवढा उजेड पडत होता की मान वळवली तर तिचा चेहरा स्वच्छ दिसायचा.

चेहरा दिसला की आम्हाला पुरे होतं. आम्हा तिघींचे वडील गिरणीच्या साचेखात्यात विणकर. मागांच्या खडखडाटात तिथे आवाज ऐकूच येत नसे, म्हणून माणसं ओठ मोठे हलवून आणि हातांच्या खुणा करून बोलत. घरीही त्यांची ती सवय सुटत नसे. आम्ही पोरी लहानपणापासून ते बोलणं शिकलो होतो आणि चाळीच्या एका टोकाच्या गॅलरीतून दुसऱ्या टोकाला सगळ्या चहाड्या बिनआवाजी पोचवायचो.

मी ओठ हलवले, "कसा आहे?"

"शुद्ध बोलतो. मला तोंड उघडायची चोरी."

"दिसायला?" वरच्या मजल्यावरची.

"नाक केवढं आहे बघ ना! कान बरे आहेत."

"काय बोलला?"

"छायाचित्रण कसं वाटतंय म्हणाला. मी म्हटलं, थंडी वाजतेय."

हसण्याने आमच्या खुर्च्या हलायला लागल्या. मी शेजारणीला चिमटा काढला. तेवढ्यात नवरीचा चेहरा पडला. "चेष्टा नाही गं. याच्याशी जन्मभर बोलू काय मी? घरी गेल्यावर नाही म्हणून सांगणार."

त्याच क्षणी पडद्यावर तोफा सुरू झाल्या. थिएटर हादरलं. सैनिक एकमेकांना ओरडून काही सांगत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. आणि तो मुलगा, इतका वेळ नाकासमोर बघत बसलेला, सावकाश आमच्याकडे वळला. ओठ मोठे करून, नाकावर बोट ठेवून, एक अक्षर न उच्चारता म्हणाला, "आईकडून आलंय."

मी खुर्चीत खाली घसरले. शेजारणीला हसू फुटलं. पडद्यावर तेव्हा कुणाला तरी पुरत होते. मागच्या खादीच्या साडीतल्या बाई कडाडल्या, "अहो, माणसं मरतायत तिथे!"

"वडील परळला साचेखात्यातच होते," तो नवरीकडे वळून खुणांनीच सांगत होता. "संपाच्या आधीच रिटायर झाले. मला छायाचित्रणातलं काही फारसं कळत नाही. तो प्रश्न सकाळपासून पाठ केला होता."

नवरी आधी लाजेने लाल झाली, मग तिने विचारलं, "मग तिरप्या नजरेने मुकाट्याने ऐकत का बसलात?"

"कानांचं कौतुक चाललं होतं."

त्यानंतर त्या दोघांनी सिनेमा पाहिला नाही. आम्हीही त्या दोघांनाच पाहत बसलो. पडद्यावरच्या त्या बाईला नवरा सापडला की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

चाळीत परतलो तेव्हा तिच्या घरात सगळे दाराकडे डोळे लावून बसले होते. मामांनी घसा खाकरला. "काय मग? काय कळवायचं त्यांना?"

"कळवायला कशाला हवं?" ती चपला काढत म्हणाली. "खाली उभेच आहेत. मीच थांबा म्हटलं. वर बोलवा."

तिची आई कपाळावर हात मारून ओरडली, "अगो, घरात साखर नाय, आणि तू तेका खाली उभो करून इलंस?"

मी वाटी घेऊन माझ्या घरी धावले. वरच्या मजल्यावरची दारातच बसून हसत होती. मामा एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात भाचीची चप्पल घालून जिना उतरले. आणि तिचे वडील, गिरणी बंद पडल्यापासून दिवसभर बनियनवर बसून असणारे, ट्रंकेतून इस्त्रीचा शर्ट काढून घाईघाईने बटणं लावत होते.