चिंचेनं घासलेली बंदूक

बोथ गावचे नरसिंगराव चार जणांना विचारून मत बनवणाऱ्यांतले नव्हेत. वडील बंदुका दुरुस्त करायचे. हे आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून निवृत्त झाले. पंचाहत्तरी आली, तरी जुनी बंदूक निघाली की बोलावणं यांनाच.

यंदा आलं ते आदिलाबादच्या एका कॉलेजातून. मावला गावचे दुकानदार केशवराव यांनी पणजोबांची ठासणीची बंदूक कॉलेजच्या संग्रहाला देऊ केली होती. इतिहासाच्या तेजस्विनी मॅडमना ती नकली वाटत होती, इतकी लखलखीत. नकली ठरली, तर सोयऱ्याधायऱ्यांना सांगून बसलेले केशवराव तोंड कुठं लपवणार?

नरसिंगरावांनी आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली.

"काऊन हो केशवराव, एवढी काऊन चमकून राह्यली?"

"दसऱ्याले पूजा करतो ना आमी. चिंच अन् राख लावून घासतो. आजीपासूनची रीत आहे."

"मंग आजीपासून पुरावा घासून राह्यले तुमी."

केशवराव गोरेमोरे झाले. नरसिंगरावांनी तिकडे लक्षच दिलं नाही. घासलेल्या लोखंडावर बनवणाऱ्याची छाप शोधण्यात वेळ कोण घालवणार? घोडा दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीवर आपटणारा होता, म्हणजे आज बंदूक टोपीची. पण मुळात ती गारगोटीच्या ठिणगीवर उडत असेल, तर बाजूला रंजकाची, म्हणजे ठिणगीनं पेटणारी दारू ठेवायची वाटी असणार, आणि वाटी काढली की तिच्या स्क्रूंची भोकं राहणार. बाहेरून काही दिसेना. त्यांनी स्क्रू सोडवून चापाची पट्टी लाकडातून उचलली आणि उलटी केली.

तिथवर चिंच कधी पोचलीच नव्हती. काळ्या लोखंडात तीन गोल ठिपके. बुजवलेली भोकं, आणि बुजवणीवरही तोच जुना काळा थर.

"मॅडम, ही गारगोटीचीच होती. मागून टोपीची केली, अन् तो बदलही जुना आहे. नकली नाही."

मॅडमनी भिंगातून तिन्ही ठिपके पाहिले. "मग ठेवून घेऊ आपण. तुम्ही तपासणीचं पत्र द्या."

केशवरावांचा आवाज परत आला. "लिहा मंग, पणजोबानं हिनंच वाघ मारला."

"वाघ मी पाह्यला नाही. भोकं पाह्यली, तेवढं लिहितो."

"दोन तरी ओळी, काका."

"एकही नाही."

केशवरावांनी वाघ सोडून दिला आणि देणगीच्या कागदावर सही केली.