नथूच्या बैलाचं मुंडकं

…तर नथूनं बैलाचं मुंडकं परत फोडलं. स्वतःच्या हातानं, हातोडा घेऊन. काल म्हटलं ना, वडिवळ्याचा नथू गवंडी. दिवसभर लोणावळ्यातल्या बंगल्यांना गिलावा करून पोट भरणारा. गावातल्या महिपतीचा शर्यतीचा बैल सर्जा मेला, तेव्हा त्याचा सिमेंटचा पुतळा घराच्या स्लॅबवर बसवायचं ठरलं, आणि कुणी विचारायच्या आत हा गडी शब्द देऊन बसला.

धड झकास जमलं. मुंडकंच जमेना. एक झालं शेळीसारखं, एक देवळातल्या नंदीसारखं मवाळ. मोबाईलमधले फोटो बघावेत, तर सर्जा सगळा धुरळ्यात, शेपूट तेवढं दिसतंय. नथू लांब जाऊन, मान वाकडी करून बघायचा, ‘आपल्याला काय कळतंय डोंबलाचं!’ म्हणायचा आणि हातोडा घ्यायचा.

नथूच्या घरात तर आनंदच. पुतळ्याच्या पोकळ पोटात कोंबडी अंड्यांवर बसलेली, पाठीवर गोधडी वाळत घातलेली. बायको झुंबरबाई करवादायची, “अवो, आधी न्हाणीला फरशी लावा. गवंड्याचं घर आन न्हाणीत चिखल!”

“लावतो,” म्हणत नथू शिंगांवर पाणी मारायचा.

महिपती रोज समोर खुर्ची टाकून हजर. “नाक फेंदारलेलं पायजे, नथ्या. नजर कशी, आडदांड!” नथू त्याच्याकडं बघत, मान डोलवत थापी फिरवायचा.

आणि एके दिवशी जमलं. नथू लांब जाऊन बघत राहिला. हातोड्याकडं हात गेलाच नाही. डोळ्यांत असा माज, की बैल आता खेकसतोय!

बघायला गाव लोटलं, आणि सगळ्यांना एकदम खोकला लागला. फेंदारलेलं नाक, बारीक डोळे, पुढं आलेला खालचा ओठ… सर्जा राहिला बाजूला, हा तर हुबेहूब महिपती! बोलायचं कुणी? बोलली त्याचीच बायको, कस्तुराबाई.

“अगं बया! ताट वाढायला उशीर झाला की अस्संच बघत्यात हे!”

माणसं हसून लोळली. महिपती लालबुंद. “नथ्या, फोड ते मुंडकं! न्हाईतर माझ्या स्लॅबवर चढायचा न्हाई हा बैल.”

‘आपल्याला काय कळतंय डोंबलाचं!’ नथू सवयीनं पुटपुटला. त्यानं हातोडा उचलला, बैलाकडं बघितलं, महिपतीकडं बघितलं, आणि हातोडा खाली ठेवला.

“भाऊ, जमलेलं मुंडकं मी फोडायचा न्हाई. तुमच्या स्लॅबवर नको तर माझ्या दारात ऱ्हाईल. आन बैलासारखं दिसायची लयच लाज वाटत असंल, तर तुमी तुमचं तोंड बदला.”