पोटल्यावर ओढलेल्या तोफा

रायगडासमोरच्या पोटल्याच्या डोंगराखाली मुरारीची वाडी. साठीला टेकलेला हा माणूस वीस वर्षं पर्यटकांना गड दाखवत आला होता. १८१८च्या वेढ्याचं कोणी विचारलं, की तो घरात ऐकलेलं सांगे, "आमच्या खापरपणज्याला इंग्रजांनी वेठीला धरला. ह्या डोंगरावर तोफा वढायला लावल्या. जोडीदार चाकाखाली चिरडला, तरी दोर सोडू दिला नाय. त्याच तोफांनी वरचा वाडा पेटला, गड पडला. मंग मुलूखच गेला."

एका पर्यटकाने हे सांगतानाचा त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाच पोरं मोटारसायकलींवरून आली. मुरारी अंगणात नाचणी झोडत होता.

"गड इंग्रजांच्या घशात घातलेली अवलाद तूच ना?" एकाने विचारलं.

"घातला नाय रे. पाठीवर चाबूक होता."

त्याच्याच हातातलं दांडकं हिसकून त्यांनी त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचं आधी ऐकू आलं, मग कळ आली. तो पडला. बरगड्यांत लाथा बसत होत्या. एकजण मोबाइल धरून म्हणत होता, "खोटं सांगितलं, असं बोल." तोंडात रक्त आणि भुसा. मुरारीची जीभ वळेना.

त्याची बायको बनुबाई घरातून कोयता घेऊन आली. तिने काही विचारलं नाही. मोबाइल धरलेल्या हातावर कोयता घातला. दोन बोटं नाचणीत पडली. पोरगा मटकन बसला आणि आईला हाका मारू लागला. बाकीचे त्याला मोटारसायकलवर घालून पळाले.

गुन्हे दोन्हीकडून दाखल झाले. मुरारी दवाखान्यात असताना गावचे अरविंद मास्तर निरोप घेऊन आले: मुरारीने गोष्ट खोटी होती असं सांगून माफीचा व्हिडिओ करावा, म्हणजे पोरं बनुबाईविरुद्ध साक्ष देणार नाहीत. बायकोचा तुरुंग चुकेल म्हणून मुरारी कबूल झाला.

"माज्यापायी?" बनुबाई म्हणाली. "ज्या खापरपणज्यानं पाठीवर वळ घेतले त्याला खोटा पाडताय? मंग मी कोयता कशापायी चालवला?"

घास तोंडाशी नेला की तिला ती बोटं दिसतात, हे मुरारीला ठाऊक होतं. तरी तिचं ऐकून त्याने मास्तरांना नाय म्हणून कळवलं.

आता दोघं तारखेला एसटीने महाडच्या कोर्टात जातात. मुरारीचं मनगट वाकडंच जुळलंय. शेजारच्या सीटवरच्या बाईने कसली केस म्हणून विचारलं, तर बनुबाईच बोलते, "मी एका पोराची बोटं तोडली." मग कारण सांगायला घेते.