माफीनाम्यातल्या झोपड्या

तम्मण्णा बेळगावातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. एकोणीसशे अकराच्या प्लेगात गल्ल्या रिकाम्या झाल्या आणि तोही बायकोला घेऊन पिरनवाडीकडच्या माळावर सरकारी झोपडीत येऊन पडला. पाण्याची विहीर अर्ध्या कोसावर. तसं साप्ताहिकात चार ओळींत छापूनही आलं. त्या ओळी त्यानं मोठ्या हौसेनं जुळवल्या होत्या.

त्या चार ओळींवर मुंबईच्या कौन्सिलात दोन तास चर्चा झाली. वर्तमानपत्रं किती बेजबाबदार, त्यांना वेसण कशी घालावी, यावर सभासद घाम पुसपुसून बोलले. विहिरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. इकडे संपादकांचं धाबं दणाणलं. त्यांनी माफी लिहिली: झोपड्यांच्या दारात मुबलक पाणी असून रहिवासी आनंदात आहेत. ती जुळवायचं तम्मण्णाच्या जिवावर आलं. पण नोकरी सोडून खायचं काय?

माळावर वाचता येणारा तो एकटाच. रविवारी सगळे जमले. त्यानं मान खाली घालून माफी वाचून दाखवली.

शेजारची बायाक्का म्हणाली, "लई ब्येस. ह्या झोपड्या कुठं हाईत रं तम्मण्णा? आमास्नीबी घेऊन चल की तिकडं."

"ह्याच हाईत, आक्का."

"कुणी लिवलं हे?"

"संपादकांनी. खिळे मी जुळवलो."

बायाक्कानं रिकामी घागर त्याच्या हातात दिली. "मग दारातलं पाणी तूच आण जा."

तम्मण्णानं घागर खांद्यावर घेतली. तो निघतो न निघतो तोच त्याची बायको चंद्राबाई आली आणि तिनं आपलीही घागर त्याच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवली.